रेघ लालच आहे

नकाशावरच्या एका रेघेचा रंग बदलला होता. काल मी ऑफिसातून निघाले तेव्हा ती लाल होती, आज सकाळी नारिंगी. बाकी सगळं जागच्या जागी होतं: भिंतीवर टाचलेला तो चादरीएवढा नकाशा, त्याच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग, खाली टेबलावर पट्ट्या, भिंगं, आणि चिखल वाळून दगड झालेले माझे बूट. मी ओरडले नाही. हातातला चहाही सांडला नाही. फक्त पोटात एक हिसका बसला, जिना संपला म्हणून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी तसा. मोठा भूकंप होऊन गेल्यापासून या शहरात कुणालाच आपल्या पोटाचा भरवसा राहिलेला नाही. शेजारून बस गेली तरी माणसं बोलता बोलता थांबतात आणि दाराकडे बघतात. आणि मी, जिचं पोट भूकंपांवरच भरतं, तीसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्याच नाडीचे ठोके जमिनीचे समजून टेबलाची कड धरते. पण हा हिसका जमिनीने दिलेला नव्हता, माणसाने दिलेला होता, आणि माणसांच्या हिसक्यांना मी घाबरत नाही. नकाशावाला माझ्याकडे पाठ करून पेन्सिलीला टोक करत बसला होता. त्या पेन्सिलीला इतकं टोक झालं होतं की आता नुसतं टोकच उरलं असतं. "हे कुणी केलं?" मी विचारलं. "साहेबांनी सांगितलं, मॅडम. तुम्ही गेल्यावर." मग माझ्या तोंडाकडे न बघता, समजूत घातल्यासारखं, "रंगच तर आहे."

रंगच तर आहे! या माणसाने माझ्या हाताखाली अकरा वर्षं रेघा ओढल्या आहेत. भूकंप होतो खाली, खोल, जमिनीच्या पोटातल्या एखाद्या जुन्या फटीवर. तिला आम्ही भ्रंश म्हणतो. फटीच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, आणि सरकणं मोठं असलं तर ते थेट वर येतं, जमीन फाटते. पण फाटताना ती शहाण्यासारखी एका ओळीत फाटत नाही. शेतातून, रस्त्यातून, शाळेच्या मैदानातून शेकडो भेगा पडतात, आणि आमचं काम म्हणजे एकेकीपुढे उकिडवं बसून विचारायचं, बाई, तू कोण? मुख्य भेग, म्हणजे खालचा भ्रंश खरोखर जिथून वर आला ती, लाल. तिच्या आसपास ताणाने फुटलेल्या दुय्यम भेगा नारिंगी. लांबच्या एखाद्या दुसऱ्याच भ्रंशाला धक्का लागून त्याने तोंड उघडलं तर पिवळ्या. आणि ज्यांचा भ्रंशाशी काडीचा संबंध नाही, नुसती भरावाची माती खचून किंवा उतार घसरून पडलेल्या, त्या करड्या. करड्यांचा रुबाब सगळ्यात मोठा असतो, टीव्हीवर त्याच येतात. पण जमीन पुन्हा फाटायची असते तेव्हा ती लाल रेघेवरच फाटते. उद्या नाही, कदाचित दोनशे वर्षांनी, पण तिथेच. आणि तिथे घर असेल तर पाया कितीही भक्कम करा, घराचा एक अर्धा भाग एका गावाला निघतो आणि दुसरा दुसऱ्या गावाला. म्हणून लाल रेघेच्या दोन्ही अंगांना एक पट्टा कायमचा मोकळा ठेवायचा, असा नियम आहे. नारिंगी असेल तर घर दुरुस्त करा, खांब जाड करा, खुशाल राहा. एवढाच काय तो रंगाचा फरक. आणि रंग बदललेली ही रेघ शहराच्या वेशीजवळच्या एका कॉलनीतून, इतर घरांबरोबर माझ्या भावाच्याही स्वयंपाकघराखालून जाते, ओटा आणि सिंक यांच्या मधून.

साहेबांच्या खोलीत मी बसले नाही. ते वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण ते लबाड असते तर माझं काम फार सोपं झालं असतं. भूकंपानंतर पहिले चार दिवस ते माझ्याबरोबर त्याच भेगांवरून चालले, पायाला फोड आले तरी चालले. "ऐंशी घरं आहेत त्या पट्ट्यात," ते म्हणाले. "सगळी तंबूत राहतायत. थंडी तोंडावर आली आहे. शंका असेल तर तिचा फायदा माणसांना द्यावा." मी म्हटलं, "शंका कुणाला आहे?" "मला." मग त्यांनी आपली शंका मांडली, आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. भेग डोंगराकडून सरळ रेषेत येते, शहराच्या वेशीशी तिचे दोन फाटे होतात. एक बारीक, कॉलनीत शिरतो. दुसरा पूर्वेला वळतो, आणि तिथे जमीन पुरुषभर उंच तुटली आहे. लोक तिथे उभं राहून फोटो काढतात. "एवढी मोठी भेग सोडून तुम्ही त्या केसाएवढ्या रेघेला मुख्य म्हणता," साहेब म्हणाले. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक, आणि ती दुसरं कुणी करूच शकत नाही, कारण दुसऱ्या कुणाला भेगांची प्रतवारी करावी लागत नाही: उंची बघायची आणि मान द्यायचा. माणसांतही असंच चालतं म्हणा. मी म्हटलं, "साहेब, पूर्वेला पूर्वी तलाव होता, तो बुजवून भराव घातला. ती भेग भरावाच्या काठाकाठाने वाटीच्या कडेसारखी गोल फिरते. तिच्या दोन बाजू आडव्या सरकलेल्या नाहीत, नुसती एक बाजू खाली बसली आहे. ती करडी आहे. कितीही उंच असली तरी करडीच. आणि डोंगरापासून वेशीपर्यंत जमीन जशी आडवी सरकत आली तशी कॉलनीत सरकली आहे." "कशावरून?" "भिंतीवरून. एकतीस सेंटिमीटर. मापं माझी आहेत." साहेबांनी खण उघडला, एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "भिंत आधी सरळ होती कशावरून?"

आता ही भिंत. जमीन आडवी सरकली हे ओळखायला तिच्यावर आधीपासून काहीतरी सरळ असावं लागतं, रस्त्याची कड, कुंपण, झाडांची ओळ. एक डोळा मिटून तिच्या टोकाशी उभं राहायचं आणि कुठे मोडली ते बघायचं. पण भूकंपानंतर सरळ गोष्टी फार टिकत नाहीत. पाण्याचे टँकर आत यावेत म्हणून रस्ता दुसऱ्याच दिवशी डांबर ओतून सारखा केला. पलीकडच्या शेतकऱ्यांनी नांगर फिरवला, त्यांचं काय चुकलं, त्यांना पेरायचं होतं. कॉलनीतली बाकीची कुंपणं म्हणजे तारा आणि झुडपं, जन्मापासून झिंगलेली. त्या रेघेला आडवी छेदणारी, सरळ म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, आमच्या घराची, म्हणजे आता दादा राहतो त्या घराची, कुंपणभिंत. आणि कागदावर दादाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं की भिंत मूळचीच वाकडी होती. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी हौसेने बांधली होती, ते काही गवंडी नव्हते. खाली सही. मी तो कागद दोनदा वाचला, आणि मला आधी राग आला नाही, कानात फक्त एक बारीक शिट्टी वाजायला लागली.

बाबा कारखान्यात लेथवर काम करायचे. लोखंडातला केसाएवढा फरक त्यांना बोटाच्या टोकाला कळायचा. घर त्यांनी कंत्राटदाराकडून बांधून घेतलं आणि आयुष्यभर त्याच्या कोपऱ्यांना नावं ठेवली. कुंपणाची भिंत मात्र स्वतः घातली. गवंड्याला द्यायला पैसे नव्हते असं आई सांगायची. मला वाटतं, त्यांचा दुसऱ्याच्या हातावर विश्वास नव्हता, आणि तो गुण बाकी कुणी घेतला नसेल तर मी घेतला आहे. विटा भिजवायचं काम माझं, उचलून द्यायचं दादाचं. भिजणारी वीट आधी सूं सूं करते, बुडबुडे सोडते, मग गप्प होते, आणि ती गप्प झाल्याशिवाय बादलीतून काढायची नाही. एकेक थर झाला की बाबा आम्हाला भिंतीच्या टोकाशी बोलवायचे. वरच्या ओल्या विटेवर गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा, आणि कडेवरून पार दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं. "काय दिसतंय?" "काही नाही." "मग बरोबर आहे." त्या ओल्या विटेचा गारवा आणि सिमेंटचा थोडासा जळका वास मला आजही गालावर आणता येतो, बाबांचा चेहरा आणायला मात्र वेळ लागतो. एकदा दादाने गंमत म्हणून सांगितलं, "मला दिसतंय. मध्ये पोट आलंय." बाबांनी दोन थर उतरवले, विटा खरवडल्या आणि पुन्हा रचायला बसले. दादा रडकुंडीला आला, खोटं बोललो, खोटं बोललो म्हणून त्यांच्याभोवती नाचत राहिला. बाबा म्हणाले, "असेल रे खोटं. पण मी कसं समजायचं? बघणाऱ्याने सांगितलं की बांधणाऱ्याने ऐकायचं असतं." काळोख पडेपर्यंत त्यांचं चाललं होतं. त्यानंतर दादा गाल टेकवायला आला की नुसता हुंदका गिळल्यासारखा "काही नाही" म्हणायचा. भिंत सरळ होती हे जगात दोनच माणसांना माहीत आहे, आणि त्यातल्या एकाने लिहून दिलं होतं की नव्हती.

घरी जाताना मी चालत गेले. भूकंपानंतर सगळेच कवी झाले आहेत. वर्तमानपत्रात रोज कुणीतरी लिहितं की नात्यांनाही भेगा पडल्या, मनांचेही थर सरकले. मनांना थरबीर काही नसतात. भेग म्हणजे भेग, तिला लांबी असते, रुंदी असते, ती कुठून कुठे जाते ते दाखवता येतं, आणि ज्याला दाखवता येत नाही त्याने तिचं नाव घेऊ नये. त्या दिवशी मी हे स्वतःशी जरा जास्तच जोरात म्हणत होते. फुटपाथवरच्या फरशा चुकवत होते, ज्या हलतात त्या मला पाठ आहेत. मला भीती दादाची वाटत नव्हती, साहेबांचीही नव्हती. भीती अशी वाटत होती की भिंतीकडे मी कुणाच्या डोळ्यांनी बघितलं? भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी मी तिथे गेले, तर घराचं छप्पर एका अंगावर बसलेलं, आणि मी घराआधी भिंतीकडे गेले, गाल टेकवला, डोळा मिटला, आणि दिसलं. मध्येच ती तुटून एका पावलाएवढी बाजूला निघून गेली होती. तिच्या दोन्ही अर्ध्या भागांनी आपापला सरळपणा सोडला नव्हता. मला त्या क्षणी आनंद झाला होता, हेही सांगून टाकते. आता प्रश्न असा होता की तो आनंद भेगा मोजणाऱ्या बाईचा होता की लेकीचा. लेकीचे डोळे मापं घ्यायला चालत नाहीत.

दादा आणि वहिनी तेव्हापासून माझ्याकडेच राहत होते. दीड खोलीचं घर, त्यात तीन माणसं आणि त्यांनी ढिगाऱ्यातून ओढून आणलेली सहा खोकी. दादा दिवाणावर बसून रेडिओच्या बॅटऱ्या उन्हात ठेवत होता. दाराशी मी चपला काढल्या आणि विचारलं, "बाबांनी भिंत वाकडी बांधली होती?" तो चपापला नाही, तयारीतच होता. "छोटे, आधी पाणी पी." मी बावन्न वर्षांची आहे, त्या घरात मी अजून छोटीच आहे. "भिंत वाकडी होती का?" "बाबांना काय फरक पडतो आता? ते वर बसून ओळंबा लावतायत का?" "मला पडतो." "तुझं काय जातं गं? तुला पगार येतो, लाल लावा नाहीतर हिरवा लावा. माझं घर जातंय. दुसरीकडे प्लॉट देणार म्हणतात, कुठे? माळावर. पाणी नाही, बस नाही. या वयात मी माळावर जाऊन काय पहारा देऊ?" "दादा, ते घर फाटलंय." "घरं सगळ्यांची फाटली आहेत! तू आमच्याच फाटक्याला ठिगळ लावू देत नाहीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी आजवर बोललो नाही." मग त्याने आवाज खाली घेतला, आणि मला त्याचा खालचा आवाज वरच्यापेक्षा जास्त कळतो. "कॉलनीतले लोक मला विचारतात. तुझ्या बहिणीने आम्हाला उठवलं म्हणतात. मी काय सांगू?" "सांग, माझी बहीण खरं बोलते." "खऱ्यावर छप्पर घालता येतं का?"

वहिनी इतका वेळ ओट्याशी उभी होती, माझ्या छोट्या ओट्याशी, जिथे तिची कोपरं सारखी भिंतीला लागतात. ती वळली. "दोघं भाऊबहीण भिंतीवरून भांडताय," ती म्हणाली. "त्या सकाळी मी होते स्वयंपाकघरात. तुम्ही कुणी नव्हता. सिंक एकीकडे निघालं आणि ओटा एकीकडे. हललं नाही, निघालं. माझा एक पाय इकडे, एक तिकडे." दादा म्हणाला, "ते तुला वाटलं. घाबरल्यावर वाटतं असं." "वाटलं असेल," वहिनी म्हणाली. मला वाटलं ती आता माझ्या बाजूने काही बोलेल. ती म्हणाली, "तरी मला तिथेच जायचंय. माझं घर आहे ते. तुम्हाला नाही कळायचं, वन्सं." तिने हे वाईट हेतूने म्हटलं नाही, म्हणूनच ते खोल लागलं. मला घर कळत नाही, मूल कळत नाही, संसार कळत नाही. मला जे कळतं ते कुणाला नको असतं. आयुष्यभर हे ऐकत आले, लग्नकार्यात, आजारपणात, आई गेली तेव्हासुद्धा. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी मी होते आणि निर्णय दादाने घेतले, कारण तो मुख्य. मी मूग गिळून गप्प बसले होते. पण ते आईचं होतं, ही जमीन आहे, आणि जमिनीच्या बाबतीत गप्प बसायचा मला पगार मिळत नाही. दादा उठला, खोक्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली. "आणि ही सही. एवढी तरी करून टाक एकदाची. दुरुस्तीच्या मंजुरीला लागते."

ती सही म्हणजे माझा वाटा सोडल्याची. बाबांच्या मागे घर आम्हा दोघांच्या नावावर आलं, आणि तेव्हापासून दादा ती सही मागतो आहे. मी ती कधी नाकारली नाही, आणि कधी केलीही नाही. लोभ म्हणाल तर मला त्या घरात एक खुंटीही नको होती. पण प्रत्येक वेळी तो असं म्हणायचा, "येऊन सही करून जा," जसं दूधवाल्याला सांगावं, उद्यापासून अर्धा लिटर कमी टाक. करशील का, असं एकदा जरी विचारलं असतं तरी मी उभ्या उभ्या केली असती. विचारलं नाही म्हणून राहिली, एवढाच माझा हट्ट, आणि तो मला स्वतःलाही जरा पोरकट वाटायचा. त्या दिवशी पिशवीतला कागद हातात घेतला, दोघांची नावं शेजारी शेजारी छापलेली बघितली, आणि मला एकदम हसू आलं. दादाने विचारलं, "हसायला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आपण अंगण खणणार आहोत."

कारण भिंतीशिवाय दुसरा एक मार्ग होता, आणि तो आम्ही नेहमीच वापरतो, फक्त त्याला जागेच्या मालकाची परवानगी लागते. भेगेला आडवा, माणूस आत उभा राहील एवढा खोल चर खणायचा आणि त्याच्या भिंतीवर मातीचे थर वाचायचे. या वेळच्या भेगेखाली जुन्या भूकंपांच्या भेगा पुरलेल्या सापडल्या, म्हणजे जमीन पुन्हा पुन्हा याच जागी फाटत आली आहे, तर ती मुख्य. काहीच सापडलं नाही, नुसतीच वरवरची चीर निघाली, तर साहेब म्हणतात ते खरं. कॉलनीत एकाही घरमालकाने परवानगी दिली नव्हती, कोण देईल. मी दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे कागद ठेवला. "मालकाची संमती?" "निम्मी मालक मी आहे. माझ्या निम्म्यात खणा. कुठलं निम्मं ते अजून ठरलेलं नाही, त्यामुळे कुठेही खणा." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि काही निघालं नाही तर?" "तर रेघ नारिंगी. मी स्वतः रंगवीन, आणि कॉलनीत जाऊन माफी मागीन." मग त्यांनी सही केली, आणि त्याबद्दल मी त्यांना मानते. नको म्हणायला त्यांच्याकडे दहा कारणं होती.

खोदाईची मशीन आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अख्खी कॉलनी जमली. तंबूतून उठून आलेले लोक, अंगावर दुसऱ्यांनी दिलेले स्वेटर, हातात प्लास्टिकचे कप. एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सख्ख्या भावाचं घर खणायला निघाली, काय म्हणावं." मी म्हटलं, "तुमचंही खणते, हो म्हणा." कुणीतरी हसलं. दादा फाटकाशी उभा होता, हाताची घडी घालून. मशीनवाल्याने विचारलं, "कुठून सुरू करू?" मी बूट टेकवून दाखवलं. लोखंडी पंजा जमिनीत रुतला तेव्हा दादाने डोळे मिटले, ते मी पाहिलं. मीही मिटले असते, पण मला बघायचं होतं. अंगणात आईने लावलेल्या लिंबाची मुळं तुटताना चटचट आवाज करत होती आणि त्यांचा हिरवा आंबट वास सगळीकडे पसरला.

चरात उतरलं की वरचं जग एकदम लांब जातं. आवाज डोक्यावरून निघून जातात, आणि खाली फक्त ओल, गारवा, माती ढासळू नये म्हणून टेकू दिलेल्या लाकडी धिऱ्यांचा कच्चा वास. मशीनने कापलेली माती सारवलेल्या भिंतीसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर काहीही दिसत नाही. थापीने ती खरवडून काढावी लागते, वरून खाली, हळूहळू, जुनं रंगकाम सोलल्यासारखी. मी खरवडत होते. वर अंगणाची भुरी माती. तिच्याखाली नदीने कधीतरी आणून पसरलेली पांढरट रेती, हातभर जाड. रेतीखाली काळी चिकण माती. या वेळची भेग या सगळ्यांतून सरळ खाली गेली होती, सुरीने केक कापावा तशी, आणि मला बाकी काही दिसत नव्हतं. एक तास गेला असेल. मान आखडली, नखांत माती गेली, घाम थंड झाला. काही नाही. मला माझाच लहानपणीचा आवाज ऐकू यायला लागला, काही नाही, काही नाही, आणि या वेळी त्याचा अर्थ मी चुकले असा होता. मी लेकीच्या डोळ्यांनी पाहिलं, ऐंशी घरांना थंडीत बसवलं, भावाला खोटं बोलायला लावलं. वर साहेबांचे बूट दिसत होते, शेजारी दादाच्या चपला. मी त्या दोन्ही जोडांचा मनापासून तिरस्कार केला, थापी धुतली आणि समोरची बाजू सोडून पाठीमागची भिंत खरवडायला घेतली. कारण चराला दोन बाजू असतात आणि मी अजून एकच बघितली होती. हरायचंच असेल तर दोन्ही बाजू बघून हरेन.

ती तिथे होती. आधी नुसता एक गोटा निघाला, काळ्या मातीत गोट्याचं काय काम? मग आणखी तीन, उभे, एखाद्या नळीत कुणी वरून टाकावेत तसे. मी भोवतालची माती सोलत गेले आणि तिचा आकार उघडा पडला: वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली एक जुनी फट, गोट्यांनी आणि भुसभुशीत मातीने भरलेली. तिच्या डोक्यावरून पांढरी रेती सपाट गेली होती, अंथरूण घातल्यासारखी. फटीच्या डावीकडे काळी माती कमरेएवढी जाड आणि उजवीकडे जेमतेम वीतभर, म्हणजे दोन बाजू मुळात एकमेकींच्या नव्हत्याच, लांबून सरकत सरकत इथे येऊन भिडल्या होत्या. नदीने रेती आणायच्याही आधी, इथे माणूस यायच्या आधी, जमीन याच जागी फाटली होती, उघडी राहिली होती, तिच्यात गोटे पडले, ती भरली, बुजली. आणि या वेळची भेग तिच्या बरोबर मधून गेली होती, ओळखीच्या वाटेने. मी चरातच मातीवर बसले आणि मला रडू आलं. कशाचं ते विचारू नका. जिंकल्याचं होतं, आणि ऐंशी घरांचं होतं, आणि वहिनीच्या ओट्याचंही होतं. साहेबांना हाक मारली. ते शिडीवरून उतरले, गुडघ्यांवर बसले, भिंग काढलं, पुन्हा ठेवलं. त्यांनी फटीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग रेतीच्या थरावरून आडवं. "लाल," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "लोकांना मी सांगतो." मी म्हटलं, "दोघं सांगू. शिव्या अर्ध्या अर्ध्या येतील."

शिव्या आल्या. लोक ओरडले, रडले, एकाने हातातला कप चरात फेकला. साहेबांनी सगळ्यांना एकेक करून शिडीवरून खाली यायला सांगितलं आणि ती जुनी फट दाखवली. काही आले, बरेचसे आले नाहीत. दुपारपर्यंत पांगले. दादा उतरला नाही. सगळे गेल्यावर तो चराच्या काठाशी बसला, पाय आत सोडून, आणि मी खालून त्याच्या तळव्यांच्या भेगांकडे बघत होते. "म्हणजे संपलं," तो म्हणाला. "हो." "दुरुस्तीसुद्धा नाही." "नाही." "पुन्हा कधी फाटेल?" "माहीत नाही. आपण नसू कदाचित." "मग?" "मग दुसरं कुणीतरी असेल, दादा. ओट्याशी." तो अगदी शांतपणे म्हणाला, "मी तुला कधी माफ करणार नाही, छोटे." मी शिडी चढून वर आले, त्याच्यासमोर उभी राहिले, हात मातीने काळे, नाक वाहत होतं. "नको करूस," मी म्हटलं. "मेले तरी तोंड बघायला येऊ नकोस. रोज सकाळी उठून मला शिव्या घाल, माझी ना नाही. पण दुसरीकडे राहून घाल. इथे राहून नाही."

मोकळा सोडायचा पट्टा आखायचा होता. माझे मदतनीस जेवायला गेले होते आणि टेप एकटीने धरता येत नाही. मी टेपचं टोक त्याच्यापुढे धरलं. "धर." त्याने माझ्याकडे असं बघितलं की आता उठून निघून जाईल. मग त्याने ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं आणि पाठ फिरवून चालायला लागला, अंगणातून, लिंबाच्या तुटक्या मुळांवरून, स्वयंपाकघराच्या मोडक्या दारातून आत, सिंक आणि ओटा यांच्या मधून पलीकडे. "ढिली सोडू नकोस," मी ओरडले. "मला शिकवू नकोस!" आतून आवाज आला, आणि त्याने इतक्या रागाने ओढली की टेप कमरेच्या उंचीवर ताठ उभी राहिली, मध्ये जरासुद्धा झोळ नाही. माप घ्यायला अशीच हवी असते. मी खाली वाकले आणि आकडा मोठ्याने वाचला.